कुणीतरी सांगितलेलं गाणं

नवी रेकॉर्ड घरी आली, की ती घेणारा माणूस एकदा ऐकतो आणि लगेच कुणाला तरी कळवतो. काय मिळालं, कुठे मिळालं, राग कोणता, मागच्या बाजूला काय आहे, साथीला कोण आहे. समोरचाही मग गप्प बसत नाही. त्याच गायकाची आणखी एक रेकॉर्ड, तिच्यातली एखादी सुरेख जागा, असं काही तो आपल्या पदरचं घालतो. ही देवघेव जवळजवळ ग्रामोफोनइतकीच जुनी आहे. लाखेच्या तबकड्या गेल्या, एलपी आल्या, कॅसेट आणि सीडी येऊन गेल्या, गाणं फोनमध्ये शिरलं आणि आता तरुण मुलं पुन्हा व्हिनाइल विकत घेऊ लागली. सांगण्याची ओढ मात्र प्रत्येक वेळी तशीच राहिली. पुष्कळांना हा हौशी लोकांचा फावल्या वेळचा उद्योग वाटतो. मला तो ऐकण्याचाच एक आवश्यक भाग वाटतो. आपण काय ऐकलं हे दुसऱ्याला सांगितल्यावर ऐकणं पुरं होतं, आणि ध्वनिमुद्रित संगीतातलं जे आज आपल्या हाती उरलं आहे, त्यातलं पुष्कळसं अशा सांगण्यामुळे उरलं आहे. रसिकाच्या वयाबरोबर या सांगण्याचं रूप बदलत जातं. त्या बदलाच्या वाटेनेच माझं म्हणणं मांडणं मला सोयीचं वाटतं.

लहानपणी निवड आपल्या हातात नसते. घरात, शेजारी, दुकानात जे वाजतं ते कानावर पडतं. म्हणजे मोठ्यांनी केलेली खरेदी हीच मुलाला मिळालेली पहिली शिफारस असते. तिचं बळ केवढं असतं, याची दोन उदाहरणं आपल्या संगीताच्या इतिहासातच आहेत. भीमसेन जोशी गदगला वाढले. अब्दुल करीम खाँ यांची झिंझोटी रागातली ठुमरी त्यांनी एका दुकानात वाजणाऱ्या रेकॉर्डवर ऐकली. असं गाणं आपल्याला आलं पाहिजे, या ध्यासाने 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी त्यांनी घर सोडलं. गुरूच्या शोधात उत्तरेत बरंच भटकून ते अखेर कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे आले, आणि सवाई गंधर्व हे अब्दुल करीम खाँचेच शिष्य. कुमार गंधर्वांची वाट निराळी. नामवंत गायकांच्या रेकॉर्डी ऐकून लहान वयातच ते त्या जशाच्या तशा गाऊन दाखवत आणि मोठमोठे जाणकार चकित होत. पुढे मुंबईत बी. आर. देवधरांकडे शिकताना ते अनुकरणाच्या पलीकडे गेले आणि त्यांनी स्वतःचं गाणं उभं केलं. त्या दुकानातली रेकॉर्ड लावणाऱ्याने ती गिऱ्हाइकांसाठी किंवा स्वतःच्या आनंदासाठी लावली असेल. पण त्याने विकत घेतलेलं गाणं एका अनोळखी मुलाच्या कानापर्यंत गेलं, आणि त्या खरेदीचा अर्थ पार बदलून गेला.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो संगीताच्या आतूनच येतो. रेकॉर्ड म्हणजे काही गाणं नव्हे, गाणं मैफलीतच. 10 इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटं मावत. तेवढ्यात ख्यालाची बढत कशी व्हायची? त्या तुकड्यांची खरेदी आणि त्यांच्यावरची चर्चा म्हणजे समुद्राबद्दल शिंपल्यांवरून बोलणं नव्हे काय? आक्षेपातलं तथ्य मला मान्य आहे. विलंबित ख्यालाचा विस्तार त्या तबकडीत मावला नाही आणि तसा दावा कुणी करूही नये. पण मैफलीत ऐकलेलं गाणं उठून जाताना हवेत विरलेलं असतं; त्याबद्दल दोन माणसं बोलतात ती आपापल्या आठवणींबद्दल बोलतात. रेकॉर्डने पहिल्यांदाच असं घडवलं, की एक माणूस कोल्हापुरात आणि दुसरा नागपुरात बसून तीच तान, तोच श्वास, तीच सम ऐकू शकतो आणि त्यावर वाद घालू शकतो. पुरावा दोघांसमोर सारखा असतो. हा पुरावा नसला की काय होतं, ते अल्लादिया खाँसाहेबांच्या बाबतीत दिसतं. जयपूर-अत्रौली गायकीच्या या प्रवर्तकाने आपला आवाज ध्वनिमुद्रित होऊ दिला नाही. आज त्यांची गायकी आपल्याला केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर अशा शिष्यांच्या गळ्यातून, प्रत्येकीच्या वेगळ्या रंगात कळते. मूळ आवाजाबद्दल केवळ वर्णनं उरतात. भास्करबुवा बखले यांच्या नावाभोवती एवढा आदर आहे, पण त्यांचंही गाणं आपल्याकडे नाही. तीन मिनिटं अपुरी खरी, पण या दोघांच्या तीन मिनिटांसाठी आज काय द्यायला आपण तयार होणार नाही?

तरुणपणी पहिल्यांदा स्वतःच्या पैशाने गाणं विकत घेता येतं, आणि पैसे मोजके असल्यामुळे एक घेताना दुसरं सोडावं लागतं. मग चूक होऊ नये म्हणून माणूस चार जाणत्यांना विचारतो, आणि घेतल्यावर आपली निवड बरोबर होती का, हे पाहण्यासाठी पुन्हा त्यांनाच सांगतो. कानाची तयारी अशा विचारपुशीतूनच होते. कोलंबिया कंपनीने 1948 साली अमेरिकेत एलपी बाजारात आणली आणि एका बाजूला वीसेक मिनिटांचं संगीत बसू लागलं. ख्यालाला आणि आलापीला थोडी मोकळीक मिळाली. हिंदुस्थानी संगीताची पहिली एलपी 1955 साली निघाली, ती अली अकबर खाँ यांच्या सरोदवादनाची. तिच्यात आधी बोलतात ते यहुदी मेन्युहिन. जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक पाश्चात्त्य श्रोत्यांना भारतीय संगीताची आणि त्यातल्या वाद्यांची ओळख करून देतो आणि मग सरोद सुरू होते. मला ही घटना फार महत्त्वाची वाटते. मेन्युहिन यांना हे संगीत आवडलं होतं, आणि आवडलं म्हणून ते स्वतः पुढे होऊन त्याची हमी देत होते. रसिकाने रसिकाला केलेली शिफारस त्या तबकडीतच कोरली गेली. पुढच्या एलपींच्या कव्हरवर मागच्या बाजूला छापलेला मजकूर हे त्याच कामाचं छापील रूप होतं. राग, ताल, घराणं, साथीदार यांची माहिती देणारा तो मजकूर वाचत कितीतरी जण ऐकायला शिकले.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. आपली खरेदी चारचौघांत सांगणं म्हणजे मिरवणं. दुर्मिळ तबकडी दाखवायची, तिची किंमत सांगायची, इतरांना हळहळायला लावायचं. यात संगीत कुठे आहे? असं घडतं, हे नाकारता येणार नाही. संग्रहाला मत्सराची बाधा लवकर होते, आणि पाकिटं न उघडताच कपाटं भरणारेही असतात. पण दोन प्रकारचं सांगणं वेगळं ओळखता येतं, आणि त्याची खूण सोपी आहे. मिरवणारा माणूस आपल्याकडे काय आहे ते सांगतो; रसिक आपल्याला काय ऐकू आलं ते सांगतो. पहिल्याचं बोलणं ऐकून समोरच्याला ती वस्तू हवीशी वाटते, दुसऱ्याचं ऐकून ते गाणं ऐकावंसं वाटतं. शिवाय आपल्याला काय ऐकू आलं हे सांगायचं, तर आधी नीट ऐकावं लागतं. नुसतं फार सुंदर आहे म्हणून भागत नाही. अंतरा कुठे उचलला, लय कुठे वाढली, शुद्ध निषाद किती हलका लावला, हे शब्दांत आणायचं म्हणजे पुन्हा सुई ठेवावी लागते. सांगण्याच्या जबाबदारीने कान जागा राहतो. काही जण मिरवतात म्हणून सगळ्यांनी गप्प बसावं, असं म्हटलं तर मिरवणाऱ्यांचं काही बिघडणार नाही. शिकणाऱ्यांचं मात्र नुकसान होईल.

मध्यमवयात रसिकाचं कुतूहल खोल जातं. आता नुसतं गाणं पुरत नाही. ते कधी, कुठे, कुणी ध्वनिमुद्रित केलं, हेही कळावंसं वाटतं. या टप्प्यावर रसिकांच्या देवघेवीने जे उभं केलं, ते विद्यापीठांनाही अभिमान वाटावा असं आहे. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग 1902 साली कोलकात्यात आला आणि नोव्हेंबरमध्ये त्याने गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. गाण्याच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत सांगतात, कारण मूळ साचे जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथल्या कामगारांना आवाज कुणाचा हे कळणं गरजेचं होतं. 1908 साली कोलकात्यातल्या सियालदाला कारखाना निघाल्यावर तबकड्या इथेच दाबल्या जाऊ लागल्या. या साऱ्या काळातल्या रेकॉर्डी घराघरांत विखुरल्या. काहींच्या लेबलवर रागाचं नाव नसतं, काहींवर चुकीचं असतं, आणि साल तर क्वचितच. पण लेबलच्या कडेला कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक असतो, आणि सुरुवातीच्या रेकॉर्डींवर त्यातल्या अक्षरावरून मुद्रण करणारा तंत्रज्ञ कोण हे ओळखता येतं. एकाच्या तबकडीवरचा क्रमांक दुसऱ्याच्या क्रमांकाशेजारी ठेवला, की मधली जागा भरू लागते. मायकेल किनियर या ऑस्ट्रेलियन अभ्यासकाने अशा नोंदी जुळवून 1899 ते 1908 या काळातल्या ग्रामोफोन कंपनीच्या भारतीय मुद्रणांची सूची केली आणि ती मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने काढली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 साली मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू केली. तिच्या नियतकालिकातून संग्राहक आपापल्या शोधांची माहिती एकमेकांना देऊ लागले. एखाद्याने चोरबाजारातल्या ढिगातून उचललेली तबकडी त्याच्या कपाटात गेली असती तर ती एक जुनी वस्तू होती. तिचा क्रमांक त्याने दुसऱ्याला सांगितला आणि ती इतिहासाचं साधन झाली.

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता सगळंच फोनवर आहे आणि तुम्हाला काय आवडेल, हे यंत्रच सुचवतं. मग विकत घेण्याची आणि सांगण्याची गरज काय? यंत्राची मदत मोठी आहे. खेड्यातल्या मुलीला आज अमीर खाँ ऐकायला शहरातल्या दुकानाची वाट पाहावी लागत नाही, ही फार आनंदाची गोष्ट आहे. पण यंत्र सुचवतं ते आपण आणि आपल्यासारख्यांनी आधी काय ऐकलं त्यावरून. आपल्या ओळखीच्या परिघाबाहेर ते सहसा पाऊल टाकत नाही. शिवाय ते कारण सांगत नाही, आणि सुचवलेलं फसलं तर त्याला त्याचं काही वाटत नाही. माणूस शिफारस करतो तेव्हा आपल्या शब्दाची किंमत पणाला लावतो. याचा सर्वांत मोठा दाखला अवकाशात आहे. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर पाठवायच्या सोनेरी तबकडीसाठी पृथ्वीवरच्या संगीतातल्या अवघ्या 27 रचना निवडायच्या होत्या. भारतासाठी रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने केसरबाई केरकरांच्या भैरवीचं नाव सुचवलं. साडेतीन मिनिटांची ती रेकॉर्ड तोवर बाजारातून गेली होती. त्या कामातल्या अ‍ॅन ड्रुयान यांनी शोध घेतला आणि न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. गोव्यातल्या केरी गावची गायिका आंतरतारकीय अवकाशात पोचली, ती कुठल्याही लोकप्रियतेच्या आकड्यांमुळे नव्हे. एका जाणत्या माणसाने ठामपणे नाव घेतलं, दुसऱ्या माणसाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून दुकानं पालथी घातली, आणि तिसऱ्याने ती विस्मृतीतली तबकडी टाकून दिलेली नव्हती. या तिघांपैकी एक जरी नसता, तरी ती भैरवी तिथे नसती.

उतारवयात प्रश्न उभा राहतो तो संग्रहाचं पुढे काय, हा. घर लहान होतं, मुलं दूर असतात, आणि तबकड्यांना जागा लागते. मालक गेल्यावर वारसांना त्या ढिगाचा अर्थ लागत नाही आणि तो भंगारात जातो. याचा दोष मी वारसांना देणार नाही. ज्या गोष्टीचं महत्त्व त्यांना कधी सांगितलंच गेलं नाही, ती त्यांनी जपावी कशी? कायद्याची अडचणही पूर्वीइतकी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षे चालतो, म्हणजे 78 आरपीएमच्या, लाखेच्या तबकड्यांच्या जमान्यातली जवळजवळ सगळी मुद्रणं आता त्या मुदतीपलीकडे गेली आहेत. ती संगणकावर उतरवून घेणं अवघड नाही. अवघड आहे ते त्यांच्याबरोबरचं सांगणं टिकवणं. नुसत्या आवाजाची फाइल उरली आणि गायक कोण, राग कोणता, ही रेकॉर्ड कुणाच्या सांगण्यावरून घेतली, तिच्यात काय ऐकायचं, हे हरवलं, तर पुढच्या श्रोत्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

म्हणून ज्यांच्याकडे रेकॉर्डी आहेत, कॅसेट आहेत किंवा फोनमध्ये जपून ठेवलेलं चार तासांचं गाणं आहे, त्या प्रत्येकाने एक वही करावी, असं मला मनापासून वाटतं. तिच्यात रेकॉर्डचा क्रमांक असावा, राग असावा, आणि त्याखाली दोन ओळी स्वतःच्या असाव्यात: हे मला कुणी सांगितलं आणि मला त्यात काय ऐकू आलं. ती वही कपाटात न ठेवता एखाद्या तरुण माणसाच्या हाती द्यावी आणि त्याच्याबरोबर बसून त्यातली एक रेकॉर्ड लावावी. आपल्याला आवडलेलं गाणं आपल्यापर्यंत कुणीतरी आणून पोचवलं होतं. ते पुढे पोचवणं हे रसिकाचं कर्तव्य आहे, आणि आपण पुढे दिल्याशिवाय ते पुरं होत नाही.