राखण

मराठीत 'राखणे' हा एक मोठा कष्टाळू शब्द आहे. जोंधळ्यावर पाखरे उतरू लागली की माळ्यावर बसून शेत राखायचे, आई सुगीला गेली की थोरल्या पोरीने धाकटे मूल राखायचे. गुरे राखायची, घर राखायचे, पाहुण्याचे मन राखायचे आणि एवढे सारे करून शेवटी स्वतःची अब्रूही राखायची! पण या बापड्या शब्दाच्या गळ्यात कधी कोणी हार घातलेला मला आठवत नाही. हार मिळतो तो 'लावणे' या शब्दाला. झाड लावायचे म्हटले की मांडव पडतो, नारळ फुटतो, पुढारी येतात, छायाचित्र निघते. लावणे अर्ध्या तासाचे, राखणे वर्षानुवर्षांचे.

आपल्या राज्यात २०१६ साली २ कोटी झाडे लावण्याचा संकल्प सुटला. पुढच्या वर्षी ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी, असा तो आकडा चढत गेला. आमच्या शाळेतल्या पोरांनीही हौसेने खड्डे खणले. त्या हौसेची मला थट्टा करायची नाही. दुष्काळी मुलखातल्या माणसाला झाड लावावेसे वाटते, हेच मोठे आहे. पण जुलैत खड्ड्याभोवती जी गर्दी असते, तिच्यातली चार माणसे तरी एप्रिलच्या उन्हात तिथे दिसावीत, एवढेच माझे मागणे असते.

आमचा धाराशिव जिल्हा वनखात्याच्या नकाशावर बहुतेक कोराच. काळी-तांबडी राने, उघडे माळ आणि बालाघाटाच्या बोडक्या टेकड्या. या कोरेपणात येडशीजवळ हिरव्या शाईचा एक ठिपका पडला आहे, तो म्हणजे रामलिंगाचे रान. १९९७ साली सरकारने त्याला अभयारण्य ठरवले. क्षेत्र सुमारे २२ चौरस किलोमीटर. विदर्भातला माणूस हा आकडा ऐकून हसेल. पण ज्याच्या घरी एकच दुभती शेळी असते, तो तिला जपतो तसे या रानाला जपावे लागते. पळस, बोर, सीताफळ, कडुनिंब, हिवर अशी साधी झाडे. दरीत महादेवाचे देऊळ, पावसाळ्यात खळखळणारा ओढा आणि वानरांची टोळी. लोक सांगतात, सीतेला नेणाऱ्या रावणाशी झुंजून जटायू पडला तो इथेच. मला ही कथा फार आवडते. त्या म्हाताऱ्या पक्ष्याला कोणी नेमलेले नव्हते, पगार नव्हता, जिंकण्याची आशा तर मुळीच नव्हती. डोळ्यांसमोर वाईट घडते आहे, एवढेच कारण त्याला पुरले.

आम्ही सातआठ जण काही वर्षांपासून रविवारी सकाळी तिथे जातो. आम्ही काही जटायू नव्हे. एक शिंपी, एक किराणा दुकानदार, एस. टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर, कॉलेजात जाणारी दोन-तीन पोरे आणि मी. आमचे मंडळ नाही, पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष तर नाहीच; म्हणूनच बहुधा ते टिकले आहे. श्रावणी सोमवार झाला की दुसऱ्या रविवारी पोती घेऊन जायचे. भक्तांनी देवाला बेल वाहिलेला असतो आणि रानाला प्लास्टिक. वानरे त्या पिशव्या फाडून चाटत बसतात. आमचे कंडक्टर पिशव्या वेचता वेचता अजूनही, "चला, पुढे सरका, पुढे सरका!" म्हणतात.

खरी राखण सुरू होते ती फाल्गुनात. गवत वाळून कापरासारखे झालेले असते. एखादी विडी, एखादे अर्धवट विझलेले चुलवण पुरे होते. शिवाय जुने गवत जाळले की नवे जोमाने येते, या समजुतीने मुद्दाम काडी ओढणारेही असतात. वनरक्षकाच्या परवानगीने आणि त्याच्याच मागे जाऊन आम्ही जाळपट्टे साफ करतो. म्हणजे वाळला पाचोळा ओढून जमिनीची एक पट्टी उघडी करायची. आग आलीच तर तिला पुढे खायला काही मिळता कामा नये. धूर दिसला तर ओल्या पाल्याची डहाळी घेऊन ज्वाला झोडपायच्या. मी कादंबऱ्या लिहितो. कागदावर रान उगवायला मला अर्धे पान पुरते आणि वणवा लावला तरी दुसऱ्या प्रकरणात पाऊस पाडता येतो. रामलिंगाला ती सोय नाही. तिथे जळालेले तित्तराचे अंडे जळालेलेच राहते. राखले नाही तर उरते ती राख, हे मी तिथे नाकातोंडात धूर जाताना शिकलो.

मात्र एक मौज आहे. पळसाचे झुडूप तोडले, वरून भाजले, तरी पावसानंतर मुळापासून धुमारे फुटतात. रान मरायला तयार नसते. त्याला नवे रोप दिलेच पाहिजे असे नाही. काही वर्षे आग, कुऱ्हाड आणि तोंडे दूर ठेवली तरी ते आपले आपण उठून बसते.

या उठून बसलेल्या रानात २०२४ च्या डिसेंबरात वाघ आला! यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वर अभयारण्यातून निघालेला एक नर, शेते, रस्ते आणि गावे चुकवीत चारशेहून अधिक किलोमीटर चालत येथवर पोचला. लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्यात त्याची छबी आली. अंगावरच्या पट्ट्यांवरून त्याचे मूळ गाव कळले. आमच्या शिंप्याला तर आपल्याच घरी पाहुणा उतरल्याचा आनंद झाला. एवढ्याशा रानात वाघ, म्हणजे आमच्या डहाळ्यांना मिळालेले प्रशस्तिपत्रकच!

तो आनंद आठवडाभर टिकला. मग आसपास गुरे मारली जाऊ लागली. २०२५ च्या प्रारंभी वाघाला पकडून दूर नेण्यासाठी चंद्रपूरकडून पथके आली. तो त्यांच्या हाती लागला नाही. त्याच दिवसांत रानाच्या कडेला शेरडे वळणारी एक म्हातारी मला वाटेत भेटली. तिचा नातू माझ्या वर्गात होता.

"गुरुजी," ती म्हणाली, "तुमी रान राखलं, वाघ आला. लई झ्याक झालं. आता माजी शेरडं म्या कुटं राखू, तेवडं सांगा."

मी गप्प झालो. तिचे आणि माझे क्रियापद एकच होते. मी रविवारी राखत होतो, ती आठवड्याचे सातही दिवस. रानात शेरडे नेऊ नयेत हा कायदा तिला ठाऊक होता. पण सहा शेरडांचे पोट कायद्याने भरत नाही. आणि खरे सांगायचे तर, कुठल्या उतारावरून धूर निघतो आहे ही वर्दी आम्हाला आजवर बहुधा तिच्याकडूनच मिळत आली होती.

त्या रविवारी आम्ही रानात गेलो नाही, पारावर बसलो. नगरकडच्या हिवरे बाजारने काय केले, ते कंडक्टरांनी पाहिले होते. तिथे गावाने ठरवून चराई बंद केली, कुऱ्हाड बंद केली आणि विळ्याने गवत कापून नेण्याची मोकळीक ठेवली. शेळी रानात जायची नाही. गवत शेळीकडे यायचे. आमच्या गायरानाचा एक उघडा तुकडा ग्रामपंचायतीकडून मागून घेतला. दगडांचे छोटे बांध घातले, पहिल्या पावसाला पवन्या आणि मारवेल गवताचे बी टाकले आणि दिवाळीपर्यंत तिथे कोणाचेच जनावर सोडायचे नाही असे ठरवले.

राखणीला कोण बसणार? "म्या हाय की!" म्हातारी म्हणाली.

ती बसली. पावसाळाभर तिने आत कोणाची शेळी येऊ दिली नाही. स्वतःची तर नाहीच. दोनदा रात्री कोणी मेंढरे घातली, तेव्हा सकाळी तिने साऱ्या गावाला ऐकू जाईल असा उद्धार केला. तुकडा लहान आहे, सगळ्यांना पुरणारा नाही. वाघाचा प्रश्न त्याने सुटलेला नाही आणि म्हातारीचाही पुरता नाही. पण आता आमच्यात आणि तिच्यात रानाची कड उरलेली नाही. दोन्ही बाजूंना राखणदारच आहेत.

वसुबारसेला त्या गायरानात पहिला विळा लागायचा असे ठरले आहे. गवत मांडीइतके वाढले आहे, वर तुरे आले आहेत. पहिली पेंढी कोणाची, यावर पारावर वाद झाला. म्हातारीने निकाल दिला, "ज्याची गाय गाभण, त्याची." तिच्याकडे गाय नाही.