मॅडमचं देणं

कंपन्यांच्या कर्जव्यवहारांची वकिली मला आमच्या मॅडमनी शिकवली. १९९५ साली मी फोर्टमधल्या एका सॉलिसिटर कचेरीत आर्टिकल क्लार्क म्हणून लागलो, तेव्हा त्या तिथे भागीदार होत्या. चार बँका मिळून एखाद्या कारखान्याला मोठं कर्ज देणार असल्या, की मसुद्यासाठी त्यांनाच बोलावणं येई.

मी लालबागच्या गिरणी कामगाराचा मुलगा. १९८२ च्या गिरणी संपानंतर वडिलांची नोकरी गेली ती गेलीच. कोर्टात गरिबाची बाजू मांडायची, एवढीच माझी वकिलीची कल्पना. कर्जाचे करार हे श्रीमंतांचे आपसातले हिशोब वाटायचे. इंग्रजीही कच्चं होतं. मॅडम प्रत्येक कलम आधी मराठीत सांगायला लावत, मग लिहायला देत. त्यातून माझी भीती गेली.

त्या म्हणत, "कंपनी बुडाली आहे असं समजून करार वाच." त्याचा अर्थ कामातून उमगत गेला. तारणाचा बोजा तीस दिवसांत कंपनी निबंधकांकडे नोंदवला नाही, तर कंपनी अवसायनात, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवण्याच्या प्रक्रियेत, गेल्यावर लिक्विडेटरपुढे बँकेचा तो हक्क टिकत नसे. म्हणून कर्जाच्या कागदांवर सह्या झाल्या, की मॅडम मला निबंधकांच्या कार्यालयात पिटाळत आणि पावती हाती येईपर्यंत विषय सोडत नसत. जमिनीची मूळ कागदपत्रं बँकेच्या हाती ठेवून गहाण करायची सोय १८८२ च्या कायद्यानं मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा ठरावीक शहरांनाच दिली होती. त्यामुळे दूरदूरच्या कारखान्यांचे कागद मुंबईत येत. त्यातलं पान न् पान मॅडम स्वतः तपासत.

एका बंद कंपनीच्या प्रकरणात त्यांनी माझ्यापुढे कंपनी कायद्याचं कलम ५२९-अ ठेवलं. १९८५ मध्ये आलेल्या या कलमानं अवसायनात कामगारांची देणी तारणधारी बँकेच्या बरोबरीला आणली होती. वाचताना मला वडील आठवले. मॅडम म्हणाल्या, "बँकेचा पैसा ठेवीदारांचा. त्यांच्यासाठी आपण भांडायचंच. पण कामगाराचा वाटा धरूनच हिशोब मांडायचा." मी ज्यांच्यासाठी वकील व्हायला निघालो होतो, ती माणसं या कागदांतही आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. कचेरी सोडायचा विचार मग कधी मनात आला नाही.

पुढे कायदे बदलत गेले. आजारी कंपन्यांना वसुलीपासून संरक्षण देणारा १९८५ चा कायदा मागे पडला. २००२ मध्ये बँकांना कोर्टात न जाता तारण ताब्यात घेता येऊ लागलं. २०१६ मध्ये दिवाळखोरी संहिता आली. साठी ओलांडलेल्या मॅडम ती विद्यार्थ्यासारख्या वाचायला बसल्या. कलम ५३ मध्ये कामगारांची अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी, तारण सोडून देणाऱ्या धनकोच्या बरोबरीची आहेत, हे त्यांनी आम्हा सर्वांकडून मोठ्यानं वाचून घेतलं.

आज माझ्या हाताखाली मुलं शिकतात. बुडालेल्या कंपनीची फाइल आली, की मी त्यांना आधी कामगारांच्या थकबाकीची यादी काढायला सांगतो. वडिलांच्या पिढीचं गेलेलं मला परत आणता आलं नाही. पण दुसऱ्या कुणाचं हक्काचं देणं माझ्या टेबलावरून निसटू नये, एवढी दक्षता मॅडमनी माझ्या अंगी बाणवली. माझी वकिली त्यांच्याच पुण्याईवर उभी आहे.