नाक्यावर उरलेला माणूस

शुभवर्तमानातील दाखले आपण बालपणापासून ऐकत आलेलो असतो. उधळ्या पुत्र, चांगला शोमरोनी, हरवलेले मेंढरू हे सारे आपल्या घरच्या माणसांसारखे झालेले आहेत. पण घरच्या माणसाकडे आपण कधी निरखून पाहत नाही. दाखल्यांचेही तसेच होते. द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला (मत्तय २०:१-१६) दर तीन वर्षांनी सप्टेंबरच्या सुमारास रविवारच्या मिस्सेत वाचला जातो. आम्ही उभयतांनी तो आजवर कितीदा तरी ऐकला. २०२३ च्या सप्टेंबरात मात्र तो ऐकताना आम्हांला मान वर करवेना.

त्याचे असे झाले. वसईत आमची केळी आणि सोनचाफ्याची लहानशी वाडी आहे. त्या रविवारच्या आदल्या दिवशी सकाळी आम्ही नाक्यावरून दोन मजूर आणले. सहाशे रुपये रोज ठरला. पावसाने माजलेले गवत काढायचे आणि घड धरलेल्या केळींना टेकू द्यायचे, असे काम होते. दुपारी आभाळ भरून आले. काम आटोपेना, म्हणून तीनच्या सुमारास आम्ही पुन्हा नाक्यावर गेलो. सकाळची गर्दी केव्हाच पांगली होती. एका बंद दुकानाच्या पायरीवर एक वृद्ध मजूर तेवढा बसून होता. शेजारी विळा आणि पिशवीत जेवणाचा डबा.

"बाबा, अजून इथेच?" आम्ही विचारले.

"कोणी नेलंच नाही, शेट. तरणी पोरं बघून घेऊन जातात."

हे ऐकून आमच्या मनात आले ते एवढेच की, या वेळी हा माणूस स्वस्तात येईल. दोनशे रुपयांत ठरवले. तो निमूटपणे उठला आणि अंधार पडेपर्यंत खाली मान घालून राबला. जाताना त्याच्या हातावर पैसे ठेवले. नोटा दोनच होत्या, तरी त्याने त्या दोनदा मोजल्या. त्याचे नाव विचारण्याचे आम्हांला सुचले नाही.

रात्री जेवताना आईने विचारले, "त्या म्हाताऱ्याला किती दिलंत?"

"तीन तासांचे दोनशे. हिशेबापेक्षा कमी काही दिलेलं नाही."

"त्याच्या घरच्यांना भूक काय तीन तासांचीच लागली असेल?" एवढेच बोलून आई पानावरून उठली.

दुसऱ्या दिवशी मिस्सेत नेमका तोच दाखला! मळ्याचा धनी पहाटे बाहेर पडतो. मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि अकराव्या तासाला. त्या काळी तास सूर्योदयापासून मोजत. नववा तास म्हणजे दुपारचे तीन. आम्ही नाक्यावर गेलो ती हीच वेळ. विचारलेला प्रश्न तोच आणि मिळालेले उत्तरही तेच. तोवर त्या धन्यात आणि आमच्यात काही अंतर नव्हते. अंतर पडले ते संध्याकाळी. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची कमाई, त्याच्या घरची त्या दिवसाची भाकर. आम्ही तास मोजले; धन्याने भूक मोजली. सूर्य मावळण्यापूर्वी मजुराची मजुरी द्यावी, असा दंडक अनुवाद ग्रंथाच्या २४ व्या अध्यायात आहे. तो आम्ही पाळला होता. पण ज्या गरिबाच्या कळवळ्याने तो घातला गेला, त्या गरिबाकडे आम्ही पाहिलेच नव्हते.

याच दाखल्यातील शब्दांवरून जॉन रस्किन यांनी १८६० मध्ये लिहिलेल्या लेखांना 'अन्टू धिस लास्ट' हे नाव दिले. १९०४ साली जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना गांधीजींनी ते पुस्तक वाचले. १९०८ मध्ये त्यांनी त्याचा सारांश गुजरातीत उतरवला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. प्रभूच्या दाखल्याचा धागा धरून एका ख्रिस्तेतर माणसाच्या जीवनाला दिशा मिळाली. आम्ही मात्र तो वर्षानुवर्षे ऐकूनही हिशेब चोख ठेवून झोपी गेलो होतो.

दाखल्यात आणखी एक मर्म आहे. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे देऊन वाटेला लावले असते, तर कुरकूर झालीच नसती. पण धनी शेवटच्यांना आधी देतो आणि पहिल्यांना ते पाहावे लागते. हा दाखला येतो तो पेत्राच्या प्रश्नानंतर: सर्वस्व सोडून आलेल्या आम्हां शिष्यांना काय मिळणार? तो प्रश्न आमच्याही ओठांवर असतो. वसईतील ख्रिस्तसभेची मुळे सोळाव्या शतकातली. त्या अर्थाने आम्ही पहाटेचे मजूर. मग नव्या इमारतीत राहायला आलेले परभाषिक कुटुंब पुढच्या बाकावर बसले की आमच्या कपाळाला आठी पडते. जन्मभर दारूत बुडालेला एखादा अखेरच्या आजारात पापनिवेदन करून शांतपणे प्रभूकडे गेला, तर त्याच्या अंत्यविधीलाही आम्ही कुजबुजतो. त्याला पूर्ण दीनार मिळाला, याचेच आम्हांला दुःख!

सोमवारी उरलेले चारशे रुपये घेऊन आम्ही नाक्यावर गेलो. बाबा नव्हता. मंगळवारी आणि बुधवारीही नव्हता. नाव ठाऊक नाही, चौकशी करणार तरी कशी? शेवटी ते पैसे देवळातील दानपेटीत टाकावेत असे ठरवले, तर आई म्हणाली, "ते देवाचे नाहीत, त्याचे आहेत. राहू देत."

ते पाकीट आजही कपाटात आहे. तेव्हापासून मजूर हवा असला की आम्ही नाक्यावर मागे उरलेल्याला आधी विचारतो, त्याचे नाव विचारतो आणि वेळ कोणतीही असो, पूर्ण रोज देतो. शेजारी हसून म्हणतात, "असं केलंत तर सकाळी कामाला कोण येईल?" या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नाही, दाखल्यातही ते सापडत नाही. मात्र कपाट उघडताना ते पाकीट दिसते आणि त्या दोनदा मोजलेल्या नोटा आठवतात.

वाचकहो, हा दाखला पुन्हा वाचला जाईल तेव्हा आपल्या वाटेवरचा नाका तेवढा डोळ्यांसमोर आणावा. तिथे अजून कोणीतरी बसलेला असेल.