घाटावरच्या बागा

साईबाबांच्या पालखीबरोबर शिर्डीला पायी जायचं ठरलं की आधी मासळी सोडावी लागते. कफ परेडच्या मच्छीमार नगरात, जिथे वाऱ्यालाही बोंबलाचा वास असतो, तिथे हे व्रत दारू सोडण्याहून कठीण. भिवंडी, शहापूर मागे पडतं, तळव्यांना फोड येतात, आणि कसारा घाट चढून इगतपुरीला पोचलं की रामनवमीच्या दिवसांतही पहाटे अंगावर शाल ओढावीशी वाटते.

हा गारवाच द्राक्षाला मानवतो. सुमारे ६०० मीटर उंचीचं हे पठार. दिवसाच्या उन्हाने मण्यात साखर भरते, रात्रीच्या गारव्याने आंबटपणा टिकतो. वाईनला दोन्ही लागतं. पायी चालणाऱ्याला हे कातडीवर कळतं. पावसाचा फरकही पायाखाली जाणवतो: इगतपुरीत वर्षाला ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस कोसळतो, पण घोटीहून सिन्नरकडे वळलं की मुक्कामागणिक माती कोरडी होत जाते.

घोटीजवळ संजेगाव-कावनईला वाईनच्या बागा आहेत. नाशिकलगतच्या ‘सुला’ची पहिली वाईन २००० साली आली, पुढच्याच वर्षी राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण. पण आमच्या पालखीच्या दिवसांत तोडणी उरकलेली असते. एप्रिलात खरड छाटणी, त्यातून नवी काडी. ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा कुठे घड. म्हणून पदयात्रीला दिसतात ते तारांवर ताणलेले वेलींचे आडवे, उघडे ओलांडे. मला ते बोंबील वाळवायच्या वलांडीसारखे वाटतात, आणि त्या बागांबद्दल एकदम आपलेपणा दाटून येतो.

स्पेनमध्ये सांतियागोच्या तीर्थयात्रेची पायवाट नवार्रा आणि रिओहाच्या द्राक्षमळ्यांतून जाते. ‘इराचे’ मठाजवळच्या वाईनरीने १९९१ साली भिंतीत दोन नळ बसवले, एक पाण्याचा, एक वाईनचा. तिथल्या यात्रेकरूंची खूण म्हणजे शिंपला. काहीजण त्यातूनच घोट घेतात. दर्याकाठच्या मला हे फार भावलं.

आपल्या वाटेवर ताक, सरबत, केळी मिळतात, तेच बरं. वाईनचा नळ नको. नेम मोडून बाबांपुढे काय उभं राहायचं? पण एखादी दुपारची विश्रांती बागेत असावी. बागाईतदाराने छाटणीची कात्री हातात द्यावी, गारपिटीत एका रात्रीत काय जातं ते सांगावं. जून-जुलैत होड्या किनाऱ्याला ओढून आभाळाकडे बघत बसणारे आमचे म्हातारे ते निमूट ऐकतील, आणि मग हमखास विचारतील: यंदा भाव काय मिळाला, आणि पैसे हातात कधी आले?