गळाचे रीळ

कोणतीही वस्तू एका दिवसात निकामी होत नाही. ती रोज कणाकणाने झिजत असते. माणसाचे लक्ष मात्र ती बंद पडल्यावरच तिच्याकडे जाते. विळीची धार, रहाटाचा आस, सायकलची साखळी यांची जी कथा, तीच गळाच्या काठीला जोडलेल्या रिळाची.

गळाने मासे धरण्याची कला आपल्या देशात फार जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. राजाच्या विविध करमणुकी सांगताना त्याने ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण लिहिले. माशांच्या जाती, त्यांना आवडणारे आमिष, गळ आणि दोर यांची माहिती त्यात आहे. पुढे दोर गुंडाळण्यासाठी काठीला चाक आले. इ. स. 1195 च्या सुमारास चीनमधील मा युआन या चित्रकाराने काढलेल्या एका चित्रात, होडीत बसलेल्या माणसाच्या काठीवर असे चाक स्पष्ट दिसते. आज सर्वत्र दिसणाऱ्या रिळाच्या रचनेचे पेटंट इंग्लंडमधील इलिंगवर्थ या कापड-उद्योजकाने 1905 साली घेतले. सूतगिरणीतील चातीच्या टोकावरून सूत सहज उलगडते, हे त्याने पाहिले होते. त्यावरूनच त्याला स्थिर फिरकीची कल्पना सुचली.

पुणे जिल्ह्याच्या खेड तालुक्यात, इंद्रायणीच्या काठी निघोजे हे गाव आहे. एके काळी शेतीवर जगणाऱ्या या परिसराला आता चाकणच्या औद्योगिक वसाहतीने वेढले आहे. पाळ्या बदलणाऱ्या कामगारांच्या गाड्यांनी तेथील रस्ते दिवसरात्र जागे असतात. अशा या गावात एक वृद्ध फिटर राहतात. सारी आळी त्यांना ‘आबा’ म्हणते. उमेदीची सारी वर्षे त्यांनी कारखान्यात घालवली. निवृत्तीनंतर हातांना उद्योग हवा, म्हणून ते ओसरीवर बसून लोकांची झिजलेली रिळे दुरुस्त करतात. पावसाळ्यात त्यांच्याकडे विशेष गर्दी होते. त्या दिवसांत रोहू, कटला यांसारखे मासे अंडी घालतात. तेव्हा गळ गुंडाळून ठेवावा आणि हत्यारे नीट करावीत, असा त्यांचा नेम आहे.

एकदा कारखान्यातील एका तरुणाने आपले रीळ त्यांच्यापुढे ठेवले. “आबा, हे आता भंगारातच घालायचे. जलाशयावर भला मोठा मासा लागला होता. पण तंगूस तटकन तुटली आणि गळासकट मासा गेला.” आबांनी मूठ सावकाश फिरवली व रीळ कानाशी नेले. आत करकर होत होती. मग त्यांनी तंगूस हाताने ओढून पाहिली. ती अडखळत, धक्के देत बाहेर आली. त्यांनी नुसती मान हलवली.

त्यांची बारा वर्षांची नात शेजारी येऊन बसली. आबांनी पांढरे फडके अंथरले. काढलेला प्रत्येक भाग ते डावीकडून उजवीकडे ओळीने मांडू लागले. कारण जो भाग शेवटी निघतो, तोच जोडताना प्रथम बसवावा लागतो. नातीने मोबाइलवर प्रत्येक पायरीचे छायाचित्र घेतले. बारीक स्प्रिंग उडून जाऊ नये म्हणून आबांनी तिच्यावर बोट धरले. कागदासारखे पातळ वायसरही त्यांनी जपून वेगळे ठेवले. दातेरी चाकांमधील अंतर हेच वायसर राखतात. त्यांतील एक जरी हरवला, तरी दात एकमेकांत नीट बसत नाहीत.

“हे मोठे चाक मुठीबरोबर फिरते,” आबा सांगू लागले, “आणि हे पितळेचे छोटे चाक त्याच्यात गुंतते. मूठ एकदा फिरली, की तंगूस गुंडाळणारा भाग सुमारे पाच वेळा फिरतो. म्हणून सारा भार या लहानग्यावर येतो आणि आधी झिजतोही तोच.”

वाळूचे कण आणि वाळून गोंदासारखे झालेले ग्रीस यांनी आतले दात खाल्ले होते. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून आबांनी धातूचे भाग स्वच्छ केले व पुसून वाळवले. छोट्या चाकाचे दात मात्र बोथट झाले होते. झिजलेला दात घासून पुन्हा वाढत नाही. तेव्हा त्यांनी जुन्या डब्यातून त्याच बनावटीचे एक मोडके रीळ शोधले आणि त्यातील सुस्थितीतील चाक काढून बसवले. दातांना ग्रीसचा पातळ थर दिला आणि बेअरिंगमध्ये हलक्या तेलाचे दोन थेंब सोडले.

“स्वयंपाकघरातले तेल चालणार नाही का?” नातीने विचारले.

“नाही, पोरी. ते काही दिवसांनी चिकट होते. आणि वंगण भाराभर घातले, तर त्यालाच धूळ चिकटते.”

“पण आबा, एवढ्या खटाटोपापेक्षा नवे रीळ का आणू नये?”

“आणता येईल की! पण ते तरी किती दिवस नवे राहील? रीळ बाजारात मिळते. निगा राखण्याची सवय तेथे मिळत नाही.”

शेवटी त्यांनी फिरकीखालच्या चकत्या काढल्या. रिळाच्या या भागाला ड्रॅग म्हणतात. मासा जोराने पळाला, की या चकत्या एकमेकींवर घसरतात आणि तंगूस थोडी थोडी सुटत जाते. त्यामुळे तंगुशीवर तिच्या ताकदीबाहेर ताण येत नाही. त्या चकत्याच घट्ट चिकटल्या होत्या. आबांनी त्या साफ करून बसवल्या. “काम संपले, की ड्रॅगचा खटका सैल करून ठेवावा,” ते म्हणाले, “म्हणजे चकत्या दबून राहत नाहीत. या एवढ्याशा गोष्टीच्या आळसापायी त्या माशाच्या तोंडात गळ राहिला.”

हे वाक्य ऐकून तरुणाचा चेहरा उतरला. इतका वेळ त्याला फक्त हातचा मासा गेल्याचे दुःख होते. तोंडात रुतलेला गळ घेऊन पाण्यात फिरणाऱ्या जिवाचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. तुटलेली तंगूस कोठे गेली असेल, हेही त्याने विचारले नव्हते. नायलॉनचा तो धागा वर्षानुवर्षे कुजत नाही. पाणपक्ष्यांच्या पायांत तो फास होऊन बसतो. म्हणून आबा खराब झालेल्या तंगुशीचे बारीक तुकडे करतात आणि ते कचऱ्याच्या डब्यातच टाकतात.

स्वतः आबा आता गावच्या नदीत गळ टाकीत नाहीत. लोणावळ्याजवळ उगम पावणारी ही इंद्रायणी देहूवरून निघोज्याकडे येते आणि पुढे आळंदीला जाते. अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ तिच्या पाण्यावर अनेकदा पांढरा फेस तरंगताना लोकांनी पाहिला आहे. गावांचे व शहरांचे सांडपाणी आणि कारखान्यांतील दूषित पाणी ही त्याची कारणे आहेत. नदीही एका दिवसात अशी झाली नाही. एका नळीने, एका नाल्याने, एका टोपलीभर कचऱ्याने ती झिजत गेली.

रीळ उघडून फडक्यावर मांडता येते. नदी तशी मांडता येत नाही. तिचा एखादा भाग झिजला, तर जुन्या डब्यातून दुसरा काढून बसवता येत नाही. ते काम एकट्या माणसाच्या हातचे नाही. पण ज्याला हातातल्या लहानशा यंत्राची करकर ऐकू येते, त्याला नदीचे दुःखही आज ना उद्या ऐकू येईल. निगा राखणाऱ्या माणसांची संख्या जशी वाढेल, तशी नदीचीही निगा राखली जाईल.