सहा सेकंदांचं जंगल

गेले काही दिवस मी भेटेल त्याला एकच गोष्ट ऐकवत सुटलोय. 'द विन्स्टन्स' या अमेरिकन बँडचं 1969 चं 'आमेन, ब्रदर' ऐका. मध्येच बाकीची वाद्यं गप्प होतात आणि ग्रेगरी कोलमन एकटा ड्रम वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद! आणि तेवढ्या तुकड्यावर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या पोरांनी जंगल म्युझिकचा केवढा मोठा डोलारा उभा केला!

पण मला खरं वेड लावलंय ते त्यांच्या यंत्रांनी. सॅम्पलर म्हणजे आवाजाचा तुकडा साठवून हवा तसा वाजवणारं यंत्र. 1988 चा आकाई एस-950 घ्या. बारा बिटांचा, मूळ मेमरी 750 किलोबाइट. आज फोनमधला एक फोटोसुद्धा त्यात मावणार नाही! मग ही मंडळी काय करत? 33 च्या वेगाची रेकॉर्ड 45 वर फिरवत, तो घाईघाईचा आवाज सॅम्पलरमध्ये भरत आणि आत गेल्यावर पुन्हा खाली उतरवत. मेमरी वाचायची, पण आवाज खरखरीत होऊन बाहेर यायचा, आणि त्या खरखरीतच काय तो जीव आहे!

वेगाचंही तसंच. या सॅम्पलरवर तुकडा जलद वाजवला की सूरही चढतो. मूळ ड्रम मिनिटाला साधारण 136 ठोक्यांचा, तो 165 वर नेला की षड्जावरून कोमल गंधाराच्याही किंचित वर सरकतो. जंगलमधला स्नेअर ड्रम इतका टणक, इतका कडक का वाजतो, ते मला आत्ता कुठे कळलं!

आणि टाइम-स्ट्रेच! सूर तोच ठेवून आवाज लांबवायचा, तर यंत्र त्याचे बारीक बारीक तुकडे करून तेच पुन्हा पुन्हा वाजवतं. रॅगा या जमैकन शैलीतल्या गायकाचा एखादा शब्द प्रमाणाबाहेर ताणून पाहा, पत्रा थरथरावा तसा तो कडकडत जातो. यंत्र बनवणाऱ्यांच्या लेखी हा दोष, पण पोरांनी तो मुद्दाम वाढवला! जंगलवाल्या गोल्डीच्या 1992 च्या 'टर्मिनेटर' या ट्रॅकमध्ये उलटी कमाल आहे. तिथे इव्हेंटाइडच्या हार्मोनायझरमधून ड्रमचा सूर वर वर चढत जातो आणि लय जागची हलत नाही. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच.

ज्यांना आकाई परवडत नव्हता, ते घरातला अमिगा कॉम्प्युटर वापरत. आठ बिट, आवाजाचे चारच चॅनेल. अर्बन शेकडाउन या गटाचं 1992 चं 'सम जस्टिस' तर दोन अमिगांवर झालं! आज तेच सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकवर जमतं म्हणे. जमत असेल, पण तेव्हा एक ठोका वाढवायचा तर दुसरा काढावा लागायचा, म्हणून तर त्या गाण्यांत एकही ठोका फुकटचा नाही. आज रात्री चांगला हेडफोन लावून 'सम जस्टिस' ऐका, आणि लगेच पुन्हा एकदा, फक्त ड्रमकडे कान देऊन!