चुकून आलेले पैसे

परक्याचा पैसा अंगी लागत नाही, असे मानणारी माणसे आजही पुष्कळ आहेत. भामट्याला नेमकी तीच हवी असतात.

२०१६ साली यूपीआय आले आणि पुढे भाजीवालीच्या पाटीपर्यंत पोहोचले. ऐन गर्दीत तिचा मोबाइल वाजतो. खात्यात ५,००० रुपये जमा झाल्याचा संदेश दिसतो आणि पाठोपाठ रडवेला आवाज येतो, "मावशी, चुकून तुमच्याकडे पैसे गेले. आई दवाखान्यात आहे हो, लगेच परत पाठवा." समोर गिऱ्हाईक, हातात तराजू. तिचा जीव कळवळतो आणि ती रक्कम पाठवून मोकळी होते. ती रक्कम तिची स्वतःचीच असते. जमा काहीच झालेले नसते. बँकेसारखा संदेश कुणालाही लिहून धाडता येतो. खरे काय ते खात्यातील शिल्लकच सांगते.

रक्कम खरोखर आली, तरी ती परस्पर पाठवू नये. ती आणखी कुणाला फसवून आलेली असू शकते. आपल्या बँकेला कळवावे. चुकलेल्यानेही त्याच्या बँकेकडे तक्रार करावी.

फसवणुकीनंतर १९३० या मदत क्रमांकावर तत्काळ कळवायचे असते. बाई मात्र लाजेने घरीही बोलत नाही. तेवढ्या अवधीत पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात निघून जातात.